बायोप्सीच्या रिपोर्टाला इतके दिवस का लागतात? लॅबमध्ये नेमकं होतं काय?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या जावेला छातीत गाठ लागली, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवलं, मॅमोग्राफी सोनोग्राफी झाली आणि जाड सुईने तुकडे काढून तपासायला पाठवलेत. आता फोन करून रिपोर्टाची पुढची तारीख दिलीय. रक्त सकाळी दिलं की संध्याकाळी मोबाइलवर आकडे येतात, मग या एवढ्याशा तुकड्यांना इतके दिवस का? सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलंय की लवकर सांगत नाहीत म्हणजे काहीतरी वाईट निघालंय आणि आपल्यापासून लपवतायत. मला ते पटत नाही पण त्यांना समजावून सांगण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. कोणी लॅबमध्ये काम करणारं असेल तर आत काय काय होतं ते सविस्तर लिहा प्लीज. धीर घरात सगळ्यांनी धरलाय, माहिती हवीय.

काणकोणकर:
ताई, उशीर झाला म्हणजे वाईट हे डोक्यातून काढून टाका आधी. माझ्या मामाच्या पाठीवरची गाठ साधी चरबीची निघाली, तिच्याही रिपोर्टाला असाच वेळ लागला होता.

मांडवीकाठ:
+१. आणि सासूबाईंना सांगा, लपवायचं असतं तर परत फोन करून तारीख दिलीच नसती.

मेणवाली:
सुरंगी, मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये (शरीराचे तुकडे तपासतात तिथे) टेक्निशियन आहे, गोव्यातच, कुठे ते राहू दे. लिहिते, लांबेल थोडं.

रक्ताच्या तपासणीत मशीन पेशी मोजतं, साखर मोजतं, आकडा छापतं. आमच्याकडे शेवटी माणसाने डोळ्यांनी बघायचं असतं, आणि बघता यावं म्हणून तुकडा इतका पातळ कापायचा असतो की त्यातून उजेड आरपार जायला हवा. सगळा वेळ जातो तो तुकडा तसा कापण्याजोगा करण्यात.

तुकडा शरीराबाहेर आला की त्याच्या पेशी स्वतःच्याच रसांनी स्वतःला पचवायला लागतात. म्हणून काढल्या काढल्या तो फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या औषधी द्रावणात) टाकायचा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट तरी हवं, तळाला चमचाभर नाही. ते आत शिरतं साधारण तासाला एक मिलिमीटर. त्याला घाई करता येत नाही. स्तनाच्या तुकड्यांसाठी तर कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास असा नियमच आहे, कारण पुढे हॉर्मोनच्या ज्या टेस्ट करतात त्या यावर बिघडू शकतात. ऑपरेशनचा मोठा नमुना आला, आख्खा स्तन किंवा गर्भाशय, तर त्याला आधी चिरा देऊन रात्रभर ठेवावा लागतो नाहीतर बाहेरून टणक आणि आतून सडलेला अशी गत.

मग ग्रॉसिंग. डॉक्टर नमुना डोळ्यांनी बघतात, मापं घेतात, हाताला कसा लागतो ते लिहून घेतात, मोठा असेल तर कडांना शाई लावतात. त्यातले नेमके भाग घेऊन प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार कॅसेटमध्ये बंद करतात. कॅसेटवर नंबर पेन्सिलीने घालायचा, पेनाची शाई पुढे अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. त्या कॅसेट रात्रभर प्रोसेसरमध्ये. चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून नेऊन पाणी काढायचं, मग झायलीनने अल्कोहोल काढायचं, मग वितळलेलं मेण आत भरायचं. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम. हे मशीन यूपीएसवरच असावं लागतं, आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही आणि तुकडा अर्धवट प्रोसेस होऊन अडकला तर दुसरा आणायचा कुठून?

सकाळी प्रत्येक तुकडा साच्यात नीट बसवून वर मेण ओतायचं. हा झाला ब्लॉक. तो बर्फावर गार करायचा आणि मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) कापायचा. गरम बिबिंक (आपला नाताळातला थरांचा गोड पदार्थ) कापायला घेतलं की सुरीला चिकटतं आणि गार झालं की सुबक काप पडतात, तसंच इथे. काप ३ ते ५ मायक्रॉनचा, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये दोनशे-तीनशे काप बसतील. एकामागे एक काप जोडून रिबीन निघते, ती कोमट पाण्यावर तरंगवून सुरकुत्या काढायच्या, अलगद काचेवर घ्यायची, ओव्हनमध्ये ठेवायची, मग मेण परत काढून टाकायचं, रंग द्यायचा, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ झाकणकाच. तेव्हा कुठे स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर जाते.

शीतकडी:
वाचता वाचता बिबिंकवर आलो आणि पुढचं सगळं दोनदा वाचावं लागलं. नाताळ अजून किती लांब आहे 😄
बाकी पोस्ट एक नंबर. लॅबमध्ये हाताने एवढं काम चालतं हे कुठेच कोणी सांगत नाही.

सुरंगी:
मेणवाली, मनापासून आभार. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. त्या विचारतायत, रंग कशाला द्यायचा? जे आहे तसं बघायचं ना.

मेणवाली:
रंग दिला नाही तर काचेवर जवळपास काहीच दिसत नाही, सगळं पारदर्शक. नेहमीचे रंग दोन, हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हेमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतं, आणि ते पेशीच्या केंद्राला धरून राहावं म्हणून त्यात तुरटी घालतात, हो, तीच आपली तुरटी. केंद्र निळं-जांभळं होतं, बाकीची पेशी इओसिनने गुलाबी. सासूबाईंचा प्रश्न चांगला होता हं.

रातांबा:
एक विचारू का. आमच्या शेजारच्या काकींच्या मानेतली गाठ काढली होती एका छोट्या नर्सिंग होममध्ये, नाव नको. तुकडा सलाइनच्या बाटलीत घालून मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले लॅबला नेऊन द्या. शनिवारची दुपार होती, लॅब बंद, त्याने सोमवारी नेला. रिपोर्ट आला की तुकडा खराब झालाय, सांगता येत नाही. परत टोचावं लागलं बिचारीला. मग हे सलाइन देतात तरी कशाला?

हेमांगी_पॅथो:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, इथे क्वचित लिहिते पण हे वाचून राहवलं नाही. रातांबा, असं व्हायला नको होतं. सोमवारपर्यंत सलाइनमध्ये राहिलेल्या तुकड्यात पेशींच्या फक्त सावल्या उरतात.

पण सलाइनला जागा आहे. मानेच्या गाठीत टीबीची शंका असेल तर जंतू वाढवून बघायचे असतात आणि फॉर्मॅलिन जंतू मारून टाकतं. म्हणून अशा गाठीचे दोन भाग करायचे, एक फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे आणि एक सलाइनमध्ये लगोलग मायक्रोबायोलॉजीकडे, म्हणजे जंतू तपासणाऱ्या विभागाकडे. लगोलग हा शब्द महत्त्वाचा. किडनीच्या बायोप्सीतसुद्धा एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय वेगळा द्यावा लागतो, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या अँटीबॉडी लावून बघायच्या तपासणीसाठी.

नातेवाइकांच्या हातात बाटली दिली तर एवढं तरी विचारा: यात फॉर्मॅलिन आहे का, तुकडा पूर्ण बुडालाय का, आणि नाव बाटलीच्या अंगावर लिहिलंय का. झाकणावर नको, झाकणं बदलतात. आणि बरोबरचा फॉर्म. मला रोज असे फॉर्म येतात ज्यावर वय आणि 'बायोप्सी' एवढंच असतं. कुठल्या अवयवाचा तुकडा, गाठ किती महिने आहे, आधी काही ऑपरेशन किंवा केमो झाली का, डॉक्टरांना काय वाटतंय, यातलं काही नसतं. निम्मं निदान त्या फॉर्मवर असतं हे मी मनापासून सांगते.

डिचोलीचो_भाऊ:
माफ करा पण मी थोडं वेगळं बोलतो. आमच्या गावात जुनी माणसं सांगतात गाठीला सुई लावली की ती पसरते. आणि मी डोळ्यांनी बघितलंय, गावातल्या एकाची बायोप्सी केली आणि दोन-तीन महिन्यांत माणूस गेला. तुम्ही शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा म्हणाल पण लोक उगाच घाबरत नाहीत.

काणकोणकर:
भाऊ, तो माणूस बायोप्सीला गेला तेव्हाच आजार कितव्या स्टेजला होता ते विचारलंत का? आपल्याकडे लोक गाठ लपवून लपवून, काढे पिऊन, देवाला कौल लावून शेवटी जातात. मग दोष सुईला.

डिचोलीचो_भाऊ:
कौलाला मध्ये आणू नका. आम्ही कौल पण लावतो आणि डॉक्टरकडे पण जातो. प्रश्न सरळ आहे, सुईने पसरतं की नाही?

हेमांगी_पॅथो:
भाऊंच्या प्रश्नाला सरळच उत्तर देते. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं ही गोष्ट वैद्यकाला माहीत आहे, ती नाकारत नाही, पण ती फार क्वचित होते. जिथे धोका खरा आहे तिथे डॉक्टर सुई टाळतातच, उदाहरणार्थ अंडकोशातल्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत, ती शस्त्रक्रिया करूनच काढतात. हाडाच्या गाठीतही सुई कुठून घालायची ते ज्या सर्जनला पुढे ऑपरेशन करायचंय त्यानेच ठरवायचं असतं. पण स्तनाची गाठ सुईने तपासल्यामुळे माणूस दोन महिन्यांत जात नाही. उलट तपासल्याशिवाय केमो द्यायची कुठली, ऑपरेशन किती करायचं, हे कोण कसं ठरवणार? आणि गाठींमधल्या बऱ्याचशा कॅन्सरच्या नसतातच, तेही तपासल्यावरच कळतं.

डिचोलीचो_भाऊ:
बरं. अंडकोशाचं माहीत नव्हतं. सगळं चूक आहे असं न म्हणता सांगितलंत, हे आवडलं. गावात सांगेन.

म्हादई:
विषयाला थोडं सोडून. पॅथॉलॉजीचा विषय निघालाच आहे तर डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव किती जणांना माहीत आहे? गोमंतक मराठा समाजातले. १८९५चा जन्म. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये प्रयोगशाळांचे प्रमुख होते, तोंडाच्या कॅन्सरवर आणि कुष्ठरोगावर त्यांचं काम जगभर मानलं गेलं. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावं पाठ असतात, हे नाव शाळेत कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आणि पणजीत पोर्तुगीजांनी १८४२ला सुरू केलेलं मेडिकल स्कूल, ज्याचं पुढे आपलं गोमेकॉ झालं, त्याची परंपरा बघता गोव्यातल्या मुलांनी या शाखेकडे जायला हवं.

मांडवीकाठ:
खानोलकरांचं माहीत नव्हतं. आमच्या घरी पॅथॉलॉजी म्हणजे रक्त काढणारा मुलगा एवढंच समजतात.

हेमांगी_पॅथो:
म्हादई, छान आठवण काढलीत. कुष्ठरोगाच्या कातडीच्या तुकड्याला आजही आम्ही वेगळा रंग देतो, फाइट नावाचा. टीबीचे जंतू झील-नील्सन रंगात लाल काड्यांसारखे दिसतात, पण कुष्ठरोगाचा जंतू त्या रंगाच्या प्रक्रियेत लवकर फिका पडतो म्हणून त्याला जपून रंगवावं लागतं.

यावरून रातांबांच्या काकींसाठी एक. टीबीच्या गाठीतसुद्धा पुष्कळदा लाल काडी एकही सापडत नाही, जंतू फार थोडे असतात. दिसतात ते ग्रॅन्युलोमा, म्हणजे शरीराने जंतूभोवती घातलेलं पेशींचं कडं, आणि मध्ये मेलेला चिजासारखा भाग. पण ग्रॅन्युलोमा दुसऱ्या आजारांतही होतात. म्हणून आम्ही लिहितो 'सजेस्टिव ऑफ ट्युबरक्युलोसिस', म्हणजे टीबीकडे बोट दाखवणारं, आणि खाली 'क्लिनिकल कोरिलेशन', म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी जुळवून बघा. लोकांना वाटतं डॉक्टरांनी हात वर केले. तसं नाही, काचेवर जेवढं दिसतं तेवढंच आम्ही बोलतो आणि उरलेलं तुमचा ताप, वजन, एक्स-रे, कल्चर बघून तुमच्या डॉक्टरांनी जोडायचं असतं.

रातांबा:
अगदी हेच शब्द होते दुसऱ्या रिपोर्टात! आम्ही सगळे त्या एका शब्दावर किती भांडलो होतो घरात. औषध सुरू केलं आणि गाठ बसली त्यांची.

शीतकडी:
माझ्या चुलत्यांचं ऑपरेशन चालू असताना अर्ध्या तासाच्या आत रिपोर्ट आला होता, सर्जन थांबले होते तोवर. मग ते कसं होतं? तसंच सगळ्यांचं का करत नाहीत?

मेणवाली:
ते फ्रोझन सेक्शन. मेणाच्या ऐवजी तुकडा क्रायोस्टॅटमध्ये (आत काप काढता येणाऱ्या थंड कपाटात) उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतात, तिथेच कापतात, झटपट रंग देतात. पंधरा-वीस मिनिटांत काच तयार. पण बर्फाचे कण पेशी फाडतात, चित्र मेणासारखं स्वच्छ येत नाही, चरबी तर नीट गोठतच नाही. म्हणून टेबलावर ठरवायच्या प्रश्नापुरतंच ते वापरतात, कडा मोकळ्या आहेत का, ही गाठ कॅन्सरची वाटते का. उरलेला तुकडा नंतर मेणातून जातोच आणि शेवटचा शब्द त्याचा.

सुरंगी:
मंडळी, रिपोर्ट यायचा आहे अजून, पण वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं की 'पुढच्या टेस्टला लावलंय, आयएचसी'. म्हणजे कॅन्सर आहे असंच ना? आणि ही पुढची टेस्ट काय, किती दिवस अजून?

हेमांगी_पॅथो:
सुरंगी, इथे बसून मी तुमच्या जाऊबाईंचं निदान सांगणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचं. आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री), म्हणजे अँटीबॉडी लावून पेशींची ओळख पटवणं, दोन कारणांनी लावतात. एक, काचेवर बघून शंका राहिली तर. स्तनाच्या निरोगी नळीला पेशींचे दोन थर असतात, पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये त्यातला बाहेरचा थर नाहीसा होतो, आणि तो आहे की गेलाय हे कधी कधी साध्या रंगात कळत नाही. तेव्हा त्या थराला शोधणाऱ्या अँटीबॉडी लावून बघतात. थर सापडला की जीव भांड्यात पडतो.

दुसरं, कॅन्सर ठरला असेल तर औषध ठरवायला. ईआर, पीआर (पेशीवरच्या हॉर्मोन पकडणाऱ्या खुणा) आणि हर-टू (पेशीला वाढायला लावणारं प्रथिन). अँटीबॉडी पेशीला चिकटली की तिथे तपकिरी रंग उमटतो. ईआर-पीआर असतील तर हॉर्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो. हर-टूला शून्य ते तीन असं मोजतात, तीन म्हणजे पॉझिटिव, आणि दोन आलं तर नक्की नाही म्हणून फिश (FISH) नावाची, हर-टूचं जनुक मोजणारी आणखी एक टेस्ट. तिथे परत दिवस जातात. घरच्यांचा संयम इथेच सुटतो, मी बघते रोज, पण हर-टू चुकलं तर पुढचं सगळं औषधच चुकतं. तो एक आकडा घाईने देण्यापेक्षा मी तुमचा राग सोसेन.

रिपोर्टात ग्रेड लिहिलेली असेल तर ती स्टेज नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवते, लोक ग्रेड तीन वाचून स्टेज तीन समजतात. ग्रेड म्हणजे पेशी निरोगी पेशींपासून किती बिघडल्यात. नळ्या किती बनतायत, केंद्रं किती वेडीवाकडी आहेत, पेशी किती वेगाने विभागतायत, या तिन्हींना एक ते तीन गुण. बेरीज ५ पर्यंत असेल तर ग्रेड एक, ६-७ दोन, ८-९ तीन. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर गेलाय, ती वेगळी.

सुरंगी:
ग्रेड आणि स्टेजचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. लिहून घेतलं. देव बरें करूं, डॉक्टर.

मांडवीकाठ:
मग मूळ प्रश्नाचं उत्तर एका जागी लिहाल का कोणी, दिवसांत? पुढे शोधत येणाऱ्यांना बरं.

मेणवाली:
सुईचा छोटा तुकडा असेल आणि काही अडलं नाही तर तीन-चार कामाचे दिवस धरा. मोठा नमुना असेल तर आठवडा. तुकड्यात हाड असेल तर आधी आम्लात ठेवून कॅल्शियम काढावं लागतं नाहीतर मायक्रोटोमची पातीच तुटते, त्याचे दिवस वेगळे. वेगळा रंग लागला तर एक-दोन दिवस, आयएचसी लागली तर आणखी, आणि ती दुसऱ्या लॅबला पाठवत असतील तर आणखी. मध्ये चवथ (गणेश चतुर्थी) आली तर तुमचं तुम्ही समजून घ्या, सगळा गोवा बंद असतो, पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये सुरक्षित असतो.

काणकोणकर:
एक महत्त्वाचं राहिलं. मुंबईला टाटात दाखवायला जाणारे आपल्याकडे पुष्कळ. तिथे नुसता रिपोर्ट चालत नाही, ब्लॉक आणि स्लाइड मागतात, त्यांचे डॉक्टर स्वतः परत बघतात. आम्हाला हे माहीत नव्हतं म्हणून आमचे एक नातेवाईक कोकण रेल्वेने पोचले आणि ब्लॉकसाठी मुलाला परत गोव्यात यावं लागलं. निघायच्या आधी लॅबमधून घेऊन जा.

मेणवाली:
बरोबर. ब्लॉक लॅब सांभाळते पण पेशंटने अर्ज केला की मिळतो, सही करून न्यायचा आणि काम झालं की परत आणून द्यायचा. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत, ब्लॉक वेगळ्या छोट्या पिशवीत, कागदात गुंडाळून. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते मेण आहे. आणि सामानाच्या बॅगेत तळाशी नको, हातातल्या पर्समध्ये ठेवा.

रातांबा:
हे ब्लॉक किती टिकतात पण? आमच्या आतेचं ऑपरेशन होऊन पुष्कळ वर्षं झाली, आता परत गाठ आलीय आणि तिच्या वेळी हर-टू वगैरे काही केलंच नव्हतं.

हेमांगी_पॅथो:
नीट ठेवलेला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, साध्या कपाटात, फ्रीज लागत नाही. जुन्या ब्लॉकवर आजही हर-टू करता येतं. नव्या गाठीचीही बायोप्सी करावीच लागेल, कारण परत आलेल्या आजाराचे गुण कधी कधी बदललेले असतात, पण जुना ब्लॉक शेजारी ठेवून बघता आला तर आम्हाला फार मदत होते. आतेचा जुना रिपोर्ट शोधा, त्यावर वर्ष आणि बायोप्सी नंबर असेल, तो घेऊन त्याच लॅबमध्ये जा. रिपोर्ट हरवला असेल तर नाव आणि ऑपरेशनची अंदाजे तारीख सांगून रजिस्टर बघायला सांगा. किती वर्षांचे ब्लॉक ठेवतात हे लॅबप्रमाणे बदलतं, म्हणून उशीर करू नका, याच आठवड्यात जाऊन या.

रातांबा:
उद्याच जाते म्हापशाला. रिपोर्ट आतेच्या ट्रंकेत असणार, ती कागद टाकत नाही.